भिंतीवरील लेखन : स्वरूप, प्रामाण्य आणि नोंदणी
(वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

१. संज्ञा व मर्यादा

भिंत ही मुळात लेखनासाठी उभारलेली वस्तू नव्हे. ऊन, पाऊस, चोर आणि परकी दृष्टी ह्यांपासून घराचे रक्षण करणे, हे तिचे कार्य. तथापि भिंत उभी राहिली की तिच्यावर काही ना काही लिहिले, रेखाटले अथवा कोरले जाते, असा सर्व देशांचा व सर्व काळांचा अनुभव आहे. ह्या लेखनापैकी राजाज्ञा, दानलेख व प्रशस्ती ह्यांचा अभ्यास पुराभिलेखशास्त्राने दीर्घकाळ निष्ठेने केला. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख घ्यावा, की अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वाकाटकांचा मंत्री वराहदेव ह्याचा लेख घ्यावा. अशा लेखांचे वाचन, कालनिर्णय व अर्थनिर्णय ह्यांची एक निश्चित पद्धती सिद्ध झालेली आहे. परंतु ज्याला कोणी लिहावयास सांगितले नव्हते, ज्याच्या लेखनाला कोणाची संमती नव्हती आणि जे पुढील रंगसफेदीपर्यंतच टिकावयाचे होते, अशा लेखनाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या लेखनास 'ग्राफिटी' ही संज्ञा रूढ झाली आहे. ती इटालियन भाषेतील असून तिचा मूळ अर्थ 'ओरखडे' असा आहे. पाँपेईच्या उत्खननात उघड झालेल्या भिंतींवर रंगाने लिहिलेला मजकूर आणि टोकदार वस्तूने ओरखडून काढलेला मजकूर असे दोन भेद दिसून आले. निवडणुकीतील उमेदवारांची शिफारस करणारा रंगीत मजकूर बहुधा धंदेवाईक रंगाऱ्यांकडून लिहविला जाई. ओरखडे मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांचे असत. आज व्यवहारात 'ग्राफिटी' ह्या शब्दात हे दोन्ही प्रकार अंतर्भूत केले जातात. भारतीय पुरातत्त्वात हाच शब्द आणखी वेगळ्या अर्थाने वापरला जातो. महापाषाणयुगीन मृद्भांड्यांवर ओरखडलेल्या खुणांना तेथे हे नाव आहे, आणि बी. बी. लाल ह्यांनी १९६० साली अशा खुणांचा हडप्पाकालीन चिन्हांशी तौलनिक विचार केला होता. वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथील शिलावर्तुळे ह्याच महापाषाण संस्कृतीची होत. प्रस्तुत लेखात मात्र खापरांचा विचार नसून केवळ भिंतीचा आहे.

ह्या लेखापुरते भिंतीवरील लेखनाचे चार वर्ग मानणे सोयीचे होईल : (अ) घरातील माणसांनी, बहुधा स्त्रियांनी, सण वा संस्कार ह्यांच्या निमित्ताने काढलेली चित्रे, (आ) व्यापारी, शासन वा पक्ष ह्यांनी रंगाऱ्याकडून लिहविलेला मजकूर, (इ) अनामिक व्यक्तीने विनापरवाना केलेले लेखन, आणि (ई) अलीकडील काळात योजनापूर्वक काढली जाणारी मोठी भित्तिचित्रे. ह्या चार वर्गांच्या सीमारेषा पुसट आहेत. एकाच भिंतीवर चारही वर्ग एकत्र नांदताना आढळतात, आणि अभ्यासाचे खरे प्रश्न त्या सीमांवरच उद्भवतात.

२. क्षणिक लेखनाचे प्रामाण्य

जे लेखन टिकावे अशी लिहिणाऱ्याचीच अपेक्षा नव्हती, त्याला पुरावा म्हणून किती मोल द्यावे, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर असे की, टिकण्याची अपेक्षा नसणे हाच अशा लेखनाचा एक गुण आहे. प्रशस्तिकार भविष्यकाळाकडे पाहून लिहितो. म्हणून तो काय सांगतो, ह्याइतकेच तो काय लपवितो, हेही तपासावे लागते. भिंतीवर कोळशाने तारीख लिहिणारा मनुष्य इतिहासासाठी काही लपवीत नसतो.

ह्याचे ठळक उदाहरण २०१८ साली पाँपेई येथेच मिळाले. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ. स. ७९ च्या २४ ऑगस्ट रोजी झाला, असे धाकट्या प्लिनीच्या पत्रांच्या प्रचलित पाठावरून मानले जात होते. परंतु एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली, १७ ऑक्टोबर ह्या दिवसाशी जुळणारी एक ओळ उत्खननात आढळली. कोळशाचे लेखन फार काळ टिकत नाही; त्यामुळे ते उद्रेकाच्या थोडेच आधी झाले असावे, असा युक्तिवाद करण्यात आला. त्या ओळीत वर्षाचा निर्देश नाही, ही तिची मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. तरीही उद्रेक शरद ऋतूत झाला असावा, ह्या मताला तिने मोठे बळ दिले. हस्तलिखितांच्या परंपरेने आलेल्या तारखेला एका सामान्य ओळीने आव्हान द्यावे आणि ते आव्हान विद्वानांनी गंभीरपणे स्वीकारावे, ही घटना पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

श्रीलंकेतील सिगिरिया येथील आरशाप्रमाणे घोटलेल्या भिंतीवर प्रेक्षकांनी शतकानुशतके पद्ये ओरखडली. त्यांपैकी ६८५ पद्यांचे संपादन सेनरत परणवितान ह्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. सिंहली भाषेच्या व पद्यरचनेच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन ठरले. ते प्रेक्षक त्या वेळी भिंत खराब करीत होते, ह्यात शंका नाही. पण त्यांनी ती खराब केली नसती, तर भाषेच्या एका कालखंडाविषयीचे ज्ञान पुष्कळच उणे राहिले असते.

ह्याची दुसरी बाजू अजिंठ्यास दिसते. लेणे क्रमांक १० मध्ये जॉन स्मिथ ह्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपले नाव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख ओरखडली. लेण्यांच्या आधुनिक शोधाची तारीख ठरविताना ह्याच ओरखड्याचा आधार घेतला जातो. एकच कृती अशी विध्वंसही होऊ शकते आणि दस्तऐवजही. अभ्यासकाला ह्यांपैकी एक बाजू निवडून दुसरी टाकता येत नाही.

३. काळी, पांढरी आणि भिंत

वऱ्हाड-नागपूरच्या प्रदेशात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, गावाच्या भूमीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन विभाग मानण्याची जुनी रीत आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ही वाटणी केवळ बोलण्याची नव्हे. तिला मातीच्या गुणधर्मांचा आधार आहे. कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तिला मोठ्या भेगा पडतात. म्हणून नुसत्या काळ्या मातीची भिंत तग धरीत नाही. पिढ्यान्पिढ्यांची राख, चुना व पडक्या भिंतींचा चुरा मिसळून झालेली पांढरीची माती मात्र आकसण्यास मंद असते आणि बांधकामास चालते. जुन्या वस्तीच्या टेकाडांतून अशी माती घरांसाठी खणून नेण्यात आल्यामुळे महाराष्ट्रातील कित्येक प्राचीन स्थळांची हानी झाली. वर्धा जिल्ह्यातील पवनार हे असेच एक प्राचीन वस्तीस्थान. वा. वि. मिराशी ह्यांनी ते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असल्याचे प्रतिपादन केले, आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर ह्यांनी तेथे उत्खनन केले. एका काळाची वस्ती दुसऱ्या काळाच्या भिंतीत अशी शब्दशः उतरलेली असते.

मातीच्या भिंतीला दरवर्षी पावसाळ्यानंतर लिंपण लागते. लिंपण म्हणजे माती, शेण आणि बारीक भुसा ह्यांचा लेप. भुशाचे तंतू माती सुकताना पडणाऱ्या भेगा रोखतात. शेणामुळे लेप चिकट व मऊ होतो. ह्या वार्षिक लिंपणाने भिंतीवरील जुने चित्र झाकले जाते आणि नव्या चित्रासाठी कोरी पाटी तयार होते. गेरू, चुना, पांढरी माती व तांदळाचे पीठ ही चित्रणाची साधने घरचीच असतात. नागपंचमीस भिंतीवर नाग काढावेत, लग्नघराच्या दाराशी वधूवरांची नावे व विवाहाची तारीख लिहावी, हे लेखन दर खेपेस नव्याने करावयाचे असते. ठाणे-पालघरच्या वारली समाजातील लग्नचौकाचीही रीत अशीच. सवाशिणींनी भिंतीवर काढलेला तो चौक विधीचा भाग होता, आणि विधी पार पडला की त्याचे प्रयोजन संपत असे. १९७० नंतरच्या दशकात जिव्या सोमा मशे ह्यांच्यामुळे वारली चित्र कागदावर आले, संग्रहालयांत गेले व टिकाऊ झाले. परंतु त्याबरोबरच भिंत, विधी आणि स्त्रियांचा समूह ह्यांच्याशी असलेला त्याचा संबंधही सैल झाला.

ह्या घरगुती लेखनाचा भाषिक अंगानेही विचार करण्याजोगा आहे. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व नंतरचा मध्य प्रदेश ह्या द्विभाषिक राज्यघटकात होता. तेथून तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. मराठी व हिंदी ह्यांचा दीर्घ सहवास येथील बोलीत उमटला आहे. लग्नघरावरील मजकुरात दोन नावांना जोडणारा 'संग' हा शब्द त्या सहवासाची साक्ष देतो. वऱ्हाडीत 'ळ' च्या ठिकाणी होणारा 'य' चा उच्चार, ऱ्हस्वदीर्घाची लकब, अनुस्वारांची जागा ह्या गोष्टी छापील पुस्तकात मुद्रितशोधकाच्या हातून नाहीशा होतात. १९६२ साली मान्यता पावलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांचा अंमल शाळेत व छापखान्यात झाला. भिंतीवर तो कितपत झाला, हे भिंतच सांगू शकते.

४. सेवाग्राम येथील मातीची उठावचित्रे

वर्धा जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध भिंत सेवाग्रामच्या आश्रमात आहे, आणि ती मातीची आहे. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळील सेगाव ह्या खेड्यात राहावयास आले. जमीन जमनालाल बजाज ह्यांची होती. १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम असे झाले. पहिले निवासस्थान 'आदि निवास' ह्या नावाने ओळखले जाते. बांधकाम परिसरात मिळणाऱ्या साहित्यानेच व्हावे आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशी गांधीजींची अट होती, असे आश्रमाच्या परंपरेत सांगितले जाते. ज्या कुटीला पुढे 'बापू कुटी' हे नाव मिळाले, ती मुळात मीराबेन ह्यांच्यासाठी होती.

मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड. ब्रिटिश आरमारातील एका उच्च अधिकाऱ्याची ही कन्या १८९२ साली जन्मली आणि १९२५ च्या नोव्हेंबरात साबरमती आश्रमात दाखल झाली. सेगाव येथे भिंती उभ्या राहिल्यावर तिने त्यांवर मातीचीच उठावचित्रे काढली. ताडाची झाडे, मोर, चरखा, ॐकार हे त्यांचे विषय होत. त्यांत रंगाचा झगमगाट नाही. भिंतीचे द्रव्य तेच चित्राचे द्रव्य; उंची बोटाच्या जाडीहून फारशी अधिक नाही; आणि दारा-खिडकीतून येणारा प्रकाश जसा तिरपा होतो, तशी आकृती स्पष्ट होते.

ह्या चित्रांचे महत्त्व दोन कारणांनी विशेष आहे. पहिले कारण वैचारिक. १९२४ साली जी. रामचंद्रन् ह्या तरुण विद्यार्थ्याशी झालेल्या व 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या संवादात गांधीजींनी आपल्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालेल, असे मत मांडले होते. ताऱ्यांनी भरलेल्या आकाशापुढे मनुष्यकृत चित्राची त्यांना निकड वाटत नव्हती. बारा वर्षांनंतर सेगावात ते ज्या भिंतींमध्ये राहिले, त्या कोऱ्या नव्हत्या. ह्यात विसंगती शोधण्यापेक्षा कालानुक्रम पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले. त्याच्या नगरीची सजावट गांधीजींच्या सूचनेवरून नंदलाल बोस ह्यांनी बांबू व तत्सम ग्रामीण साहित्यातून केली. १९३८ साली हरिपुरा अधिवेशनासाठी त्याच चित्रकाराने ग्रामजीवनाची फलकचित्रे काढली, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस पडावीत अशा रीतीने मांडली गेली. १९३८ च्या डिसेंबर महिन्यातच वर्ध्यास मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले व ग्रामोद्योगाच्या वस्तू प्रदर्शनीय ठरल्या. कला कोठे असावी व कशाची असावी, ह्यासंबंधीचा जो विचार ह्या दोन-तीन वर्षांत आकार घेत होता, त्याच्या आरंभी सेगावची उठावचित्रे येतात. त्यांना वेगळी चौकट नाही, खर्च नाही, आणि ज्या हाताने भिंत लिंपली जाते तसल्याच हाताने ती काढली आहेत.

दुसरे कारण जतनाच्या शास्त्राशी निगडित आहे. मातीचे उठावचित्र पाऊस, वाळवी व जमिनीतून चढणारा ओलावा ह्यांपुढे दुबळे असते. ते टिकवावयाचे तर भिंत लिंपीत राहिले पाहिजे. आणि लिंपीत राहिले तर प्रत्येक खेपेस कडा किंचित बोथट होतात, कोठे माती भरली जाते, कोठे रेषा पुन्हा ओढावी लागते. अशा स्थितीत आज दिसणारी रेषा कोणाची मानावी? पाषाणशिल्पाच्या संदर्भात 'मूळ द्रव्य' हा अस्सलपणाचा निकष पुरेसा होतो. मातीच्या बाबतीत तो अपुरा पडतो. १९९४ साली जपानमधील नारा येथे संमत झालेल्या निवेदनाने अस्सलपणाचा विचार करताना द्रव्याबरोबरच रूप, उपयोग, परंपरा व कारागिरी ह्यांचाही विचार करावा, असे सुचविले, ते अशाच वास्तूंच्या अनुभवातून. सेवाग्रामच्या भिंतीला ती दृष्टी लावली, तर लिंपणारे हातही त्या कृतीचे सहकर्ते ठरतात. इव्हान इलिच ह्यांनी १९७८ साली सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात ह्याच कुटीचा अर्थ उलगडण्याचा प्रयत्न केला होता. माणसाला राहावयास किती पुरते, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता; त्या भिंती पुरेशा ठेवण्यास दरवर्षी किती हात लागतात, हा त्याचाच पुढचा प्रश्न होय.

५. नगरातील भिंत

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा नगराची आखणी झाली. मुळातच आखून बसविलेले व रुंद रस्त्यांचे असे हे नगर आहे. परंतु रस्ते कितीही सरळ असले, तरी घरांच्या पाठभिंती एकमेकींसमोर आल्या की बोळ तयार होतेच. रस्त्यावरची दर्शनी भिंत मालक जपतो. बोळीतली पाठभिंत कोणी जपत नाही. नगरांतील अनामिक लेखनाचे भौगोलिक वितरण पुष्कळ अंशी ह्या साध्या भेदावर अवलंबून असते.

अशा बोळीतील भिंत वाचताना थरांचा विचार करावा लागतो. तळाशी चुन्याच्या सफेदीचे पापुद्रे. त्यांवर बी-बियाणे, खते, तंबाखू वा सिमेंट ह्यांच्या रंगविलेल्या जाहिराती. त्यांवर निवडणुकीतील चिन्हे. त्यांवर पत्रकांचे फाटके तुकडे. आणि मधल्या मोकळ्या जागेत खडू, कोळसा वा खिळा ह्यांनी केलेले अनामिक लेखन, असा क्रम सामान्यतः आढळतो. भूस्तरशास्त्राचा नियम येथेही लागू पडतो : जो थर दुसऱ्यास झाकतो, तो त्याच्यानंतरचा. जाहिरातीखाली रंगाऱ्याने घातलेली सही, निवडणुकीचे ज्ञात वर्ष किंवा एखाद्या सरकारी मोहिमेचे चिन्ह मिळाल्यास त्या थराला निश्चित काळ देता येतो. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण साठच्या दशकाकडे बोट दाखवितो. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातील बोधवाक्ये २००० नंतरची. आणि स्वच्छ भारत अभियानाचे चिन्ह म्हणून रंगविलेला गांधीजींचा चष्मा २०१४ नंतरचा. सेवाग्रामच्या जिल्ह्यात तो चष्मा शासकीय भिंतींवर यावा आणि मीराबेनचा चरखा मातीच्या भिंतीवर असावा, ह्या दोन प्रतिमांच्या मागील अधिकारांची तुलना उद्बोधक होईल.

राजकीय लेखनाचा ह्या जिल्ह्यातील इतिहास स्वातंत्र्याच्या चळवळीपर्यंत मागे जातो. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा हा ठराव वर्धा येथेच संमत केला. त्यानंतरच्या महिन्यात आष्टी येथे झालेला उठाव सर्वविदित आहे. नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर निर्बंध, अशा काळात चक्रमुद्रित पत्रक आणि भिंत हीच वार्तेची साधने उरतात. भिंतीवरील घोषणेला दोन शब्दांत आपले म्हणणे मांडावे लागते. कारण लिहिणाऱ्याजवळ वेळ नसतो आणि वाचणारा चालता असतो. ह्या दोन मर्यादांतून घोषणेची भाषा घडते. स्वतंत्र विदर्भाची मागणी, निळ्या अक्षरांतील 'जय भीम', राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतील ओव्या हे विदर्भातील भिंतींवरील परिचित मजकूर. ते सारे एकाच अर्थाने 'राजकीय' नाहीत. पण सार्वजनिक जागेत आपले अस्तित्व नोंदविण्याची आकांक्षा त्या सर्वांत समान आहे. ज्या समाजांना गावाच्या दर्शनी भागात घर बांधण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या दृष्टीने चौकातील भिंतीवर आपल्या वंदनेचे दोन शब्द उमटणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणखी एक प्रकार विनोदी वाटला तरी विचारार्ह आहे. बोळीत लघुशंका करू नये म्हणून मालक प्रथम इशारा लिहितो. तो निष्फळ झाला की देवादिकांच्या चित्रांच्या फरश्या भिंतीत बसवितो, आणि पुष्कळदा त्या यशस्वी होतात. 'येथे जाहिरात लावू नये' हा इशाराही भिंतीवरच लिहावा लागतो. अक्षराची सत्ता कोठे संपते व चित्राची कोठे सुरू होते, हे अशा फरश्यांवरून समजते.

६. नव्या भित्तिकलेचा प्रश्न

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथे तरुणांनी आपली टोपणनावे भिंतींवर व आगगाड्यांच्या डब्यांवर लिहिण्यास आरंभ केला. 'टाकी १८३' ह्या नावाने लिहिणाऱ्या मुलाविषयी १९७१ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वृत्त दिले, तेव्हा ह्या प्रघाताला प्रसिद्धी लाभली. पुढे ह्यातूनच मोठ्या रंगीत भित्तिचित्रांची एक जागतिक कला उदयास आली. महाराष्ट्रात २००९ साली मुंबईच्या सेनापती बापट मार्गालगतची लांबलचक भिंत नागरिकांनी रंगविली. २०१२ साली पुण्याच्या कसबा पेठेत चित्रकारांनी गल्ल्यांतील भिंती निवडल्या. २०१७ साली ससून गोदीच्या जुन्या इमारतींत भित्तिकलेचे मोठे प्रदर्शन भरले. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे जुन्या यंत्रांच्या भंगारातून उभी केलेली महात्मा गांधी व विनोबा भावे ह्यांची भव्य मुखशिल्पे ही ह्याच जाणिवेची, परंतु शासकीय योजनेतून आलेली निर्मिती होय.

ह्या चित्रांनी कळकट भिंतींना नवे रूप दिले व अनेक तरुण चित्रकारांना काम दिले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्यांच्यात व आधीच्या अनामिक लेखनात एक मूलभूत अंतर आहे. ही चित्रे परवानगीने होतात. त्यांचा विषय आधी ठरतो. आणि ती काढण्यापूर्वी भिंत धुऊन तिच्यावर एकरंगी अस्तर दिले जाते. त्या अस्तराखाली काय गेले, ह्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. सुशोभनाच्या एका सकाळी तीस-चाळीस वर्षांचे थर नाहीसे होऊ शकतात. रंगाऱ्याच्या हाताची अक्षरवळणे छापील फ्लेक्स-फलकांच्या प्रसारामुळे आधीच दुर्मिळ होत आहेत, आणि मातीच्या भिंतींची जागा विटा-सिमेंट घेत आहेत. राहत्या घरात ओल व वाळवी सोसणाऱ्या कुटुंबाने पक्के घर बांधू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणाही अभ्यासकाला नाही. म्हणून प्रश्न बदल थांबविण्याचा नसून बदलापूर्वी वाचन पुरे करण्याचा आहे.

७. दोन कायदे आणि त्यांमधील पोकळी

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ ह्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांहून कमी नसलेल्या वास्तूस 'प्राचीन' मानले आहे. संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास त्यात शिक्षा आहे, आणि ती २०१० च्या दुरुस्तीने पुष्कळ वाढविण्यात आली. महाराष्ट्रात १९९५ साली मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम झाला. पहिला कायदा जुन्या भिंतीचे लेखकापासून रक्षण करतो, दुसरा नव्या भिंतीचे. दोन्हींचे हेतू योग्यच आहेत. परंतु त्यांच्या मध्ये एक पोकळी राहते. बोळीतील लेखन शंभर वर्षे जगत नाही. म्हणून ते वारसा ठरत नाही. ते विनापरवाना असते. म्हणून ते पुसणे हे कर्तव्य ठरते. सेगावच्या उठावचित्रांनासुद्धा, केवळ वयाची कसोटी लावली तर, २०३६ पर्यंत थांबावे लागेल. त्यांचे रक्षण कायद्याच्या वयोमर्यादेने नव्हे, तर आश्रमाच्या श्रद्धेने झाले. ज्या भिंतींमागे अशी श्रद्धा नाही, त्यांच्या वाट्याला केवळ नोंद येऊ शकते.

८. नोंदणीची पद्धती

अशा नोंदणीस मोठा खर्च लागत नाही, शिस्त लागते. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्यासाठी पुढील बाबींची नोंद आवश्यक मानावी.

(१) स्थान : भिंत कोणत्या दिशेस तोंड करून आहे, ती दर्शनी की पाठची, आणि लेखन जमिनीपासून किती उंचीवर आहे. उंचीवरून लिहिणाऱ्याचे वय व साधन ह्यांविषयी अनुमान करता येते.

(२) द्रव्य : माती, चुना, वीट, सिमेंट, लेखनाचे साधन गेरू, तैलरंग, कोळसा, खडू की टोकदार वस्तू.

(३) थर : काय कशाच्या वर आहे, ह्याची आकृती. छायाचित्र समोरून एक व तिरप्या प्रकाशात एक घ्यावे. ओरखडे व उठाव समोरील प्रकाशात दिसेनासे होतात.

(४) पाठ : मजकूर जसा आहे तसाच, ऱ्हस्वदीर्घासह उतरावा. शुद्धलेखनाची दुरुस्ती करणे म्हणजे पुरावा बदलणे होय.

(५) पुनर्भेट : तीच भिंत पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, आणि निवडणुकीच्या वर्षी अधिक वेळा पाहावी. एका भेटीत अवस्था कळते. अनेक भेटींत प्रक्रिया कळते.

(६) मौखिक साक्ष : घरातील वृद्ध स्त्रिया व गावातील रंगारी ह्यांच्याकडून चित्रांची नावे, क्रम व साधने ह्यांची माहिती घ्यावी. भिंत लिंपणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे भिंतीइतकेच महत्त्वाचे आहे.

ह्या पद्धतीला एक नैतिक मर्यादा घालणे अगत्याचे आहे. विनापरवाना लेखन करणारा आपली ओळख झाकून असतो, आणि पुष्कळदा त्याने लिहिलेल्या मजकुरात तिसऱ्याच व्यक्तीची अब्रू गुंतलेली असते. सूड, बदनामी वा प्रेमप्रकरण ह्यांच्याशी संबंधित नावे जशीच्या तशी प्रसिद्ध करणे म्हणजे बोळीतला मजकूर चव्हाट्यावर आणणे होय. मूळ नोंद विभागाच्या दप्तरी बंद ठेवावी व प्रकाशनात नावे गाळावीत. त्याचप्रमाणे लिहिणाऱ्याचा शोध घेणे हे संशोधकाचे काम नव्हे. ते काम करणाऱ्या यंत्रणेस आपल्या नोंदी सहजी उपलब्ध होणार नाहीत, ह्याची दक्षताही त्याने घ्यावी.

पुराभिलेखशास्त्राने दगडावरील अक्षरांना अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. कारण ती टिकली. जी अक्षरे टिकत नाहीत, त्यांना ती प्रतिष्ठा केवळ वेळेवर केलेल्या नोंदीनेच मिळू शकते. वर्धा जिल्ह्यात आज मातीची भिंत, रंगाऱ्याची भिंत आणि सुशोभनाची भिंत ह्या तिन्ही एकाच पिढीच्या दृष्टीपुढे उभ्या आहेत. पुढील पिढीस ह्यांपैकी तिसरीच आढळण्याचा संभव अधिक आहे. म्हणून ह्या कामाचा आरंभ शक्य तितक्या लवकर व्हावा, आणि तो पावसाळ्यातील पडझड व दिवाळीची रंगसफेदी सुरू होण्याच्या आधी व्हावा, हे इष्ट.